खालची प्रत

खानापूरच्या कचेरीसमोर करंजाखाली
बाबांचं टेबल. एक पाय आखूड,
त्याखाली खापराचा तुकडा.
कुंभारांच्या गावात खापराला काय तोटा.
शेजारचं टेबल बसलिंगप्पा मठपतींचं.
दोघांत शाईची दौत एक,
कधीकधी गिऱ्हाईकही एकच.

छप्पनला आपण म्हैसुरात गेलो, बाबा सांगायचे,
म्हणजे गेलो कुठंच नाही.
मलप्रभा त्याच पुलाखालून,
गाडी लोंढ्याहून तेवढीच उशिरा.
कोरे फॉर्म फेकणार कसे, म्हणून
'मुंबई राज्य' खोडून वर्षभर वापरले.
ती खाडाखोड माझ्यापेक्षा वयानं मोठी.
त्र्याहत्तरला 'म्हैसूर' खोडलं
ते मी पाहिलं,
पट्टी मीच धरली होती.

मग कुळांचा कायदा आला. बेंगळूरहून.
सातेरी गुरव जांबोटीकडून चालत यायचा,
सात नंबरचा फॉर्म भरायला.
"काय लिव्हुलालाय ते वाचा की मालक."
ज्याची जमीन जाणार तो आमचाच,
आमच्याच मोर्चात पुढं चालणारा,
दिवाळीला घरी फराळ पाठवणारा.
बाबांनी फॉर्म दोन दिवस वहीत दाबून ठेवला.
सातेरी दोन दिवस पायरीवर बसून.
मठपती बघत होते. बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी बाबांनी तो भरला,
आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.
त्या दिवाळीला फराळ आला नाही.

दर एक नोव्हेंबरला बाबांच्या दंडावर काळी फीत.
टेबल बंद, घरी चूल बंद.
समोर कचेरीवर लाल-पिवळा झेंडा.
मठपती संध्याकाळी परसदारानं यायचे,
कागदात कुंदा घेऊन.
बाबा कागद उघडायचे नाहीत.
परतही द्यायचे नाहीत.
तो मी खायचे, न्हाणीघरात, अंधारात,
बोटं चाटून पुसून.
आई विचारायची, भूक नाही का गं लागली?
नाही म्हणायचे.

शहाऐंशीच्या जूनमध्ये बेळगावकडं गोळ्या चालल्या.
तीन आठवडे दोन्ही टेबलं
एकमेकांवर उलटी,
पाय वर करून.
टेबलं सरळ झाली तेव्हा
मराठी अर्ज खिडकीतून परत यायला लागले.
चौपन्नाव्या वर्षी बाबांनी
मठपतींच्या कागदावरून कन्नड अक्षरं काढली.
लिहिली नाहीत. काढली,
रांगोळी काढतात तशी,
कुठून सुरुवात करायची हे न कळता.
मठपती एकदा हसले.
त्यानंतर आठ महिने दौत दोन.

दिल्लीतल्या दाव्याची तारीख पडते,
पुढची पडते.
बेळगावचं बेळगावी झालं,
तोवर खोडायला फॉर्म उरले नव्हते,
सगळं पडद्यावर.
मठपती गेले तेव्हा बाबा खांदा द्यायला गेले
आणि घरी येऊन अंगणातच बसून राहिले.
मग तेही गेले.

आज उताऱ्यासाठी खिडकीशी उभी आहे.
आठ गुंठे, बाबांच्या पश्चात माझे.
घाडीचं गाडी झालंय.
द्वारका कल्लाप्पा गाडी.
मला हसू येतं, खिडकीतल्या पोरीला येत नाही.
"अर्जी तंदीरेन्री?"

अर्जी. ती मात्र दोन्हीकडं अर्जीच.
सही, तारीख, वकील, जमीन,
आयुष्यभर ज्यांनी छळलं
ते शब्द कुणालाच बदलावे लागले नाहीत.

करंजाखाली आता झेरॉक्सचं दुकान.
त्याच्या कट्ट्यावर बसते.
शाळेत शिकलेल्या कन्नडात लिहिते, भरभर,
आणि सवयीनं खाली कार्बन घालते.
दाबून लिही, बाबा म्हणायचे,
वरचा कागद सरकारचा.
आपला खालचा.

पोरगी वरची प्रत ओढून घेते, शिक्का मारते.
मुंदिन सोमवार बर्री.
खालची मी घडी करून पिशवीत टाकते.
निळी, पुसट,
'घा'चा काना जरा जास्तच दाबलेला.
बोटांना कार्बन लागलाय.
चाटावीत की काय, असं क्षणभर वाटतं.